जुनी खेळण्यातली मालगाडी: तीन वाघिणी आणि एक हरवलेलं दार

एडिसनकर
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. टंकायची सवय मोडली आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या आजींचं घर रिकामं करायला काढलं होतं. इकडे न्यू जर्सीत अशा वेळी घरातलं किडुकमिडुक अंगणात मांडून विकतात. मी गेलो होतो शिडी घ्यायला. शिडी माझ्या आधीच कोणीतरी नेली, पण गॅरेजच्या कोपऱ्यात एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन पत्र्याचे डबे दिसले. उचलले तर हाताला चांगलं वजन लागलं. प्रत्येक साधारण एक फूट लांब. तळाशी चाकं. आजींचा मुलगा म्हणाला, "ऐंशी डॉलर दे आणि तिन्ही घेऊन जा, बाबांचे आहेत, मला जागा नाही."

घरी येऊन पुसून बघितलं तर पितळी पाटीवर नाव: लायोनेल लाइन्स. म्हणजे खेळण्यातल्या मालगाडीच्या वाघिणी. (मालडब्याला वाघीण म्हणतात हे मी बायकोला सांगितलं, तिला अजून पटलेलं नाही.) नंबर २१२, २१३ आणि २१७. २१२ म्हणजे उघडी वाघीण, २१३ गुरांची, २१७ गार्डाचा डबा. ही लायोनेलची २०० नंबरची मालिका, १९२६ ते १९४० या काळात बनलेली. ज्या अर्विंग्टनच्या कारखान्यात हे डबे ठोकले गेले ते गाव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. रोज त्याच्या बाजूने ऑफिसला जातो आणि मला पत्ता नव्हता.

थोडी पार्श्वभूमी. जोशुआ लायोनेल कॉवेनने १९०० साली न्यू यॉर्कमध्ये ही कंपनी काढली. गंमत अशी की त्याने बनवलेली पहिली 'गाडी' म्हणजे इंजिन नव्हतंच, एक उघडी लाकडी वाघीण होती! खाली मोटर, वर माल ठेवायला खोका, बाजूला सोनेरी अक्षरात 'इलेक्ट्रिक एक्स्प्रेस'. दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला ती फिरत ठेवायची, अशी कल्पना. गिऱ्हाइकं आतल्या मालाऐवजी गाडीच विकत मागायला लागली. पुढे १९०६ मध्ये त्याने दोन रुळांत दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे ५४ मिलिमीटर अंतराचा रूळ आणला आणि त्याला बेधडक 'स्टँडर्ड गेज' नाव दिलं. तेव्हा ते कोणाचंच स्टँडर्ड नव्हतं. जर्मनीच्या मार्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीची मापं वाचताना चूक झाली आणि हा आकडा आला, अशी एक दंतकथा आहे. नाव लायोनेलने स्वतःकडे ठेवल्यामुळे बाकीच्या कंपन्यांना तोच रूळ 'वाइड गेज' म्हणून विकावा लागला.

आता माझ्या डब्यांची अवस्था. २१७ चा मूळ नारिंगी रंग आणि किरमिजी छप्पर शाबूत आहे, ओरखडे पुष्कळ. बाकी दोन्ही डब्यांना कोणीतरी भिंतीचा हिरवा रंग ब्रशने फासलेला. इतका जाड की ब्रशचे केस त्यात अडकलेत.

गुरांच्या वाघिणीपासून सुरुवात केली. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून अख्खी वाघीण बादलीत सोडली. दोन तासांत सगळं साफ, खाली चकचकीत पत्रा. मग या जुन्या रंगांच्या नकला बनवणाऱ्या एकाकडून 'मोहावे' नावाचा रंग मागवला. उंटाच्या पाठीसारखा मातकट. छप्पर किरमिजी. फवारणी करून ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजली. (जुना ओव्हन, गॅरेजमधला. स्वयंपाकघरातला नव्हे. बायको वाचते हा धागा.) फोटो जोडतोय. नवी कोरी दिसतेय की नाही?

तर प्रश्न असे. गुरांच्या वाघिणीला दोन बाजूंना दोन सरकती दारं असतात, त्यातलं एक हरवलंय, ते घरी करता येईल का? आणि उघड्या वाघिणीला पोटात मोठी पोच आहे, ती कशी काढू? पुढच्या शनिवारी तीही कॉस्टिकमध्ये टाकणार आहे.

शंकासुर
शनिवार, रात्री ११:०५

पहिला! फोटो दिसत नाहीत. बाकी 'टॉय ट्रेन' वाचून माथेरानबद्दल असेल म्हणून धागा उघडला होता. ऐंशी डॉलर म्हणजे किती झाले हो? तेवढ्यात इकडे पोराला रिमोटवाली आख्खी गाडी येते, धूर सोडणारी.

मोहोर
रविवार, सकाळी ७:१५

मला दिसतायत फोटो. मस्त लिहिलंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गार्डाचा_डबा
रविवार, सकाळी ८:३०

एडिसनकर, तुमच्या धाग्यावर लिहिण्याचा माझा नावापुरता का होईना हक्क आहे. रेल्वेच्या सी अँड डब्ल्यू, म्हणजे डबे आणि वाघिणींच्या खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी भुसावळला.

फोटो मोठा करून बघितला. चाकांच्या बाजूला जी पितळेची बोंडं दिसतात, त्यांचं काय करायचं असं तुम्ही मला व्यक्तिगत निरोपात विचारलंत. ती बोंडं शोभेची नाहीत, म्हणजे खेळण्यात शोभेचीच, पण खऱ्या वाघिणीत ते ॲक्सल बॉक्स. आत तेलात भिजवलेला सुताचा बोळा कोंबलेला असायचा, त्यावर ॲक्सलचं टोक फिरायचं. तेल संपलं किंवा बोळा सरकला की ॲक्सल तापायचा. रात्रीच्या वेळी गाडी यार्डात शिरताना आम्ही रुळाशेजारी उभं राहून वास घ्यायचो. हो, वास. जळक्या तेलाचा वास आला की तो डबा कापून बाजूला. रोलर बेअरिंग आल्यावर ते सगळं गेलं. एका खेळणी बनवणाऱ्याने ते झाकण पितळेत दाबून काढलं म्हणजे तो माणूस कधीतरी यार्डात जाऊन उभा राहिला असणार.

आणखी एक. ज्याला तुमच्याकडे 'ट्रक' म्हणतात ती आपली बोगी. म्हणजे फक्त चाकांचा सांगाडा. आपल्याकडे लोक अख्ख्या डब्याला बोगी म्हणतात, वर्तमानपत्रंसुद्धा. ३४ वर्षं सांगून थकलो.

ठोक्याठोक्याने
रविवार, दुपारी १२:१०

पोचेबद्दल लिहितो. आमचं घर कसब्यातल्या तांबट आळीचं, आजोबांपर्यंत सगळे तांब्यावर ठोकणारे. मी बँकेत, पण सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात.

पहिली गोष्ट: पोच काढणं आणि मठारणं यात फरक आहे. मठारणं म्हणजे भांडं घट्ट आणि सुबक करायला सगळ्या अंगावर सारखे ठोके देणं. ते तुमच्या डब्यावर करू नका, सगळा पत्रा ताणला जाईल आणि मग तो डब्या-डब्या आवाज करत आतबाहेर होईल. पोच काढायला लाकडी मोगरी घ्या. बाहेरून शिसवीचा ठोकळा टेकवा. आतून ठोका, पण पोचेच्या मधोमध नाही. कडेने सुरू करा आणि गोल गोल फिरत मध्याकडे या. हलके ठोके, मनगटातून. दहा ठोके मारले की थांबून हात फिरवा, डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं.

दुसरी: तांबं आम्ही तापवून मऊ करतो. तो प्रयोग तुमच्याकडे नको. कल्हईचा पत्रा असेल तर कथील २३२ अंशांना वितळतं, पाणी पाणी होऊन जाईल.

दाराचं सांगतो. जे दार आहे ते कॅलिपरने मोजा, तेवढ्याच जाडीचा पत्रा घ्या. तेलाच्या डब्याचा चालतो. दारावर ज्या आडव्या उभार पट्ट्या आहेत त्या ठोकून येणार नाहीत. कठीण लाकडाचे दोन ठोकळे करा, एकात खाचा, दुसऱ्यात त्याच मापाचे उंचवटे. मधे पत्रा ठेवून व्हाइसमध्ये आवळा. फटी मात्र आधी सोनाराच्या करवतीने कापून घ्या. दाबल्यावर कापायला गेलात तर पट्ट्या वाकतील.

लेस्टरची_लेक
रविवार, दुपारी ३:४५

छान धागा. माझ्या सासऱ्यांकडे हॉर्नबी या इंग्लिश कंपनीच्या ओ गेजच्या, म्हणजे तुमच्यापेक्षा अरुंद रुळाच्या, वाघिणी आहेत. त्यामुळे या दुनियेशी गेली अठरा वर्षं संबंध. एक विचारू? राग मानू नका.

गुरांच्या वाघिणीला कॉस्टिकमध्ये टाकण्याआधी तुम्ही पितळी पाटी काढून तिच्या खाली बघितलं होतं का?

एडिसनकर
रविवार, संध्याकाळी ५:२०

नाही. पाटीसकट टाकली. का?

लेस्टरची_लेक
रविवार, संध्याकाळी ६:०२

कारण पाटी कारखान्यात डबा रंगवून झाल्यावर बसवतात. तिच्या खाली ना ऊन पोचतं ना नंतरच्या माणसाचा ब्रश. मूळ रंग कोणता हे बघायची ती एकमेव खात्रीची जागा. आणि तिथे मूळ रंग शाबूत असेल तर बहुतेक वेळा हिरव्या थराखालीही तो शाबूत असतो. जुन्या कारखान्यात भट्टीत भाजलेला इनॅमल लावत. तो दगडासारखा. भिंतीचा पाण्यातला रंग त्यावर नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. तो वरचा थर वेगळा काढता येतो.

कॉस्टिकने दोन्ही गेले.

खारट
रविवार, रात्री ८:३०

वरच्या प्रतिसादाला +१. रसायनशास्त्राच्या बाजूने भर घालतो.

कॉस्टिक सोडा रंग खातो तसं कथीलही खातो, जस्तही. ॲल्युमिनियमला तर तो सोडतच नाही, फेस येतो. पितळ काळवंडतं. त्यामुळे 'खाली चकचकीत पत्रा' हे वाक्य वाचून मला भरून आलं, पण आनंदाने नाही.

वरचा हिरवा जर पाण्यातला ॲक्रिलिक असेल तर साधा आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे, औषधांच्या दुकानात मिळतो तो. कापसाच्या काड्या, एका वेळी एक चौरस इंच. हिरवा फुगतो, सालीसारखा निघतो. खालचा भाजलेला इनॅमल त्याला सहसा दाद देत नाही. तरीही आधी तळाच्या बाजूला कोपऱ्यात करून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या काळच्या रंगात शिसं असतं. कोरडा सँडपेपर अजिबात मारू नका, घासायचंच असेल तर ओलं घासा. हातमोजे आणि मास्क घाला. पोरंबाळं गॅरेजच्या बाहेर. साली कागदात गुंडाळून नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या दिवशी द्या, मोरीत ओतू नका. ओव्हनचं वाचलं. तो गॅरेजमध्येच राहू द्या, केक वगैरे विसरा.

एडिसनकर
रविवार, रात्री ११:५०

आत्ता दिवाणखान्यात बसून ती वाघीण समोर ठेवलीय. नवी कोरी दिसतेय. तीच अडचण आहे.

बादलीतलं पाणी मी मागच्या शनिवारीच टाकून दिलं होतं. पण बादलीच्या कडेला रंगाची साल चिकटून वाळली होती, ती आज काढून भिंगाखाली बघितली. वर हिरवा. खाली मातकट, मोहावे. पातळ, एकसारखा, कुठे ब्रशची रेघ नाही. त्या आजींच्या नवऱ्याने लहानपणी खेळलेला रंग. नव्वद-पंच्याण्णव वर्षं टिकला आणि माझ्याकडे आल्यावर दोन तासांत गेला.

ती साल काचेच्या बरणीत ठेवलीय. काय उपयोग, पण ठेवलीय.

२१२ ला अजून हात लावलेला नाही.

शंकासुर
सोमवार, सकाळी ९:१०

एक कळत नाही. रंग तोच, मापाचा तोच डबा, तुम्ही उलट नीट करून दिलात. खेळणं आहे, ताम्रपट नव्हे. आमच्या वाड्यातल्या देवघराला दर दिवाळीला ऑइल पेंट मारायचो, त्याचं कोणी सुतक पाळलं नाही.

लेस्टरची_लेक
सोमवार, दुपारी २:३०

शंकासुर, देवघर विकायला जात नाही. इथे पैशांचाही प्रश्न आहे, म्हणून थोडं लांबून सांगते.

हॉर्नबीने १९२० मध्ये लिव्हरपूलला ओ गेजच्या गाड्या सुरू केल्या. पहिल्या वाघिणी मेकॅनोसारख्या नट-बोल्टने जोडलेल्या, घरी सुट्या करता येतील अशा. कंपनीची अक्षरं रंगवलेली नव्हती. पत्र्याची अक्षरं चिमट्याने बसवलेली. मग जाहिरातींच्या बंद वाघिणी आल्या: क्रॉफर्ड्स बिस्किटं, कॅडबरी, फाइफ्सची केळी, कोलमन्स मोहरी. ही मोहरीची पिवळी व्हॅन फार थोडी बनली. त्यामुळे आज तिच्या किमतीला मर्यादा नाही. त्यामुळे काय होतं? एखादी साधी, रंग उडालेली व्हॅन घ्यायची, मूळ रंग काढायचा, पिवळा मारायचा, वर छापील चित्र चिकटवायचं. बनवणारा प्रामाणिकपणे 'मी माझ्यासाठी केली' म्हणतो. त्याच्या पश्चात मुलगा विकतो, त्याला माहीत नसतं. तिसऱ्या हाताला ती 'अस्सल' होते. सासऱ्यांनी अशी एक घेतली आहे. आम्ही ती कपाटात मागच्या रांगेत ठेवतो आणि तो विषय काढत नाही.

म्हणून माझं मत असं, आणि इथले बरेच संग्राहक याच मताचे आहेत: मूळ डब्यावर रंग मारूच नका. घाण काढा, गंज थांबवा, मेण लावा, बस. नवा हवा असेल तर पत्र्यापासून नवा बनवा आणि तळाला न पुसणारी खूण ठोका. मग तो कोणाला फसवणार नाही.

तुमच्या २१३ च्या तळालाही आता खूण करा. साल, महिना, पुन्हा रंगवला म्हणून.

थर
सोमवार, रात्री ९:००

नवीन बनवायचंच तर ठोकळे आणि करवत कशाला? मूळ दार मला स्कॅन करून पाठवा, मी पुण्यात बसून थ्रीडी प्रिंट काढून देतो. राळेत छापलं की पट्ट्यांच्या कडासुद्धा येतात. तिकडच्या एमटीएचसारख्या कंपन्यांनी तर अख्ख्या जुन्या लायोनेल गाड्यांच्या नकला काढून विकल्या आहेत, मग आपण दारावरच का रडतोय?

ठोक्याठोक्याने
सोमवार, रात्री ९:४०

थर, प्रिंट काढ, जरूर काढ. पण साचा म्हणून. दोन ठोकळ्यांऐवजी तुझ्या राळेचा वरचा-खालचा साचा, आणि मधे पत्रा. दार पत्र्याचंच हवं. सरकवल्यावर जो खर्र आवाज येतो तो राळेत येत नाही.

थर
सोमवार, रात्री ९:५५

हे मान्य. आवाजाचा विचार केला नव्हता.

खारट
मंगळवार, सकाळी १०:२०

लेस्टरताई, सासऱ्यांच्या हॉर्नबींची चाकं कशी आहेत? विचारायचं कारण, १९३० च्या दशकातल्या ओतीव चाकांना एक रोग लागतो. चाकं फुगतात, केसासारख्या भेगा पडतात, मग बोटाने दाबलं तरी भुगा.

लेस्टरची_लेक
मंगळवार, दुपारी १:१५

निम्म्यांची भाकरी झालीय. सासरे म्हणतात तो संसर्गजन्य आहे, म्हणून त्यांनी आजारी वाघिणी वेगळ्या खोलीत ठेवल्यात. अक्षरशः विलगीकरण.

खारट
मंगळवार, रात्री ८:००

सासऱ्यांना सांगा, एकाच कपाटात ठेवल्या तरी चालेल. संसर्ग वगैरे काही नसतो.

झालं असं. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम घालून केलेला हा मिश्रधातू. इंग्लंडात मझॅक, अमेरिकेत झमॅक. ओतायला सोपा, बारीक नक्षी उतरते, स्वस्त. अट एकच: जस्त अतिशुद्ध हवं, ९९.९९ टक्के. त्यात शिसं किंवा कथील चिमूटभर जरी गेलं तरी ते धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतं आणि तिथून दमट हवेत आतल्या आत गंज सुरू होतो. बाहेर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा दहा-वीस वर्षं उलटलेली असतात. खेळण्याच्या कारखान्यात डाखाचं शिसं-कथील सगळीकडे पडलेलं, भंगार परत मुशीत जायचं, मग शुद्धता कुठली? उपाय शून्य. ओतताना जे ठरलं ते ठरलं. कोरड्या, थंड जागी ठेवलं तर वेग कमी होतो, एवढंच.

एडिसनकर, तुमच्याच शेजारी न्यूअर्कला डॉर्फन नावाची कंपनी होती. न्युरेम्बर्गहून आलेल्या दोन भावांनी १९२४ मध्ये काढलेली. आमचा ओतीव धातू तुटत नाही, ही त्यांची जाहिरात. आज डॉर्फनचं धडधाकट ओतकाम शोधायला भिंग लागतं. पत्र्याच्या वाघिणी मात्र छान टिकल्यात. तुमच्या डब्यांची चाकं फोटोत तरी पत्र्याचीच वाटतात, चिंता नको.

मोहोर
मंगळवार, रात्री ८:२५

अवांतर: हे सगळं वाचून ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी आठवली. शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावरून मद्याच्या सुरया घेऊन फिरणारी छोटी मालगाडी. डब्यांवर एकेक अक्षर, मिळून शिंदे घराण्याचं नाव इंग्रजीत. सुरई उचलली की गाडी थांबते, ठेवली की चालू. तीही मालगाडीच की!

गार्डाचा_डबा
बुधवार, सकाळी ७:५०

मालगाडीच. आणि एकमेव, जिच्यात मालाची चोरी झाली की गाडी आपोआप उभी राहायची. आमच्या यार्डात असं असतं तर काय हवं होतं.

पुण्यातल्या लोकांनी कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जाऊन बघावं. १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या लहान, एचओ मापाच्या, तुमच्या स्टँडर्ड गेजच्या मानाने अगदी पिल्लं.

एडिसनकर
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१५

उशीर झाला, कारण सगळे शनिवार-रविवार कापसाच्या काड्यांत गेले.

२१२ ची पाटी काढली. पत्र्याच्या दोन जिभा वाकवून बसवलेली असते. जिभा चिमट्याने एकदाच सरळ करायच्या. दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात हे गार्डाचा डबा यांनी फोनवर सांगितलं होतं म्हणून वाचलो. पाटीखाली किरमिजी रंग. एवढा गडद आणि तकतकीत की मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "माझ्या पैठणीचा काठ."

मग खारट यांच्या पद्धतीने अल्कोहोल. पहिल्या चौरस इंचाला पाऊण तास लागला. अंदाज आल्यावर वेग वाढला. हिरवा फुगतो, कडेला सुरकुती पडते, मग काडीने गुंडाळत न्यायचा. तीन शनिवार-रविवार, पाचशे काड्यांची दोन खोकी. खालून किरमिजी बाहेर आला, पण सरळसोट नाही. एका बाजूला ओरखड्यांची एक रांग आहे, सगळे एकाच उंचीवर, जणू डबा रोज कुठल्यातरी एकाच खुर्चीच्या पायाला घासत जायचा. आणि आत तळाला निळ्या रंगाचे वाळलेले थेंब. शाई असावी. मी ते तसेच ठेवले.

पोच ठोक्याठोक्याने यांच्या सूचनेप्रमाणे काढली. शंभर टक्के गेली नाही, बोटाला अजून लागते. रंग मात्र कुठे तडकला नाही. तेवढ्यावर थांबलो.

२१७ ला फक्त साबणाचं कोमट पाणी आणि मेण.

२१३ च्या तळाला खिळ्याने कोरलं: पुन्हा रंगवली, सालासकट. दार झालं. थरने साचा पाठवला, तेलाच्या डब्याचा पत्रा वापरला. पहिले दोन फाटले, तिसरं जमलं. रंगवलेलं नाही, मुद्दाम. आतल्या बाजूला तेलाच्या कंपनीच्या सूर्यफुलाचा अर्धा तुकडा दिसतो. एका बाजूने बघितलं तर नवी कोरी वाघीण, दुसऱ्या बाजूने अर्धं सूर्यफूल. शंकासुर, तुम्हाला आवडेल.

आता पुढचं. लेस्टरताईंचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, की नवा हवा तर नवाच बनवा. म्हणून ती १९०० सालची लाकडी वाघीण करायला घेतलीय, इलेक्ट्रिक एक्स्प्रेस. मूळ फारच थोड्या उरल्यात. ती कधी माझ्या हाताला लागणार नाही, तेव्हा बिघडवायचीही भीती नाही. रुळांत दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच, म्हणजे ७३ मिलिमीटर अंतर. रूळही वेगळेच होते. लाकडी पट्ट्यांना खाचा पाडून त्यात पोलादी पट्टी उभी खोचायची. ते आधी जमवलं. खोका पॉपलरच्या लाकडाचा केला. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या लागतात, त्या इकडच्या दुकानातल्या फार गुळगुळीत दिसतात, खोट्या.

ठोक्याठोक्याने
सोमवार, सकाळी ६:३०

मापं पाठवा. आठ कोपरे ना?

एडिसनकर
सोमवार, सकाळी ७:०५

चारच. आई पुढच्या महिन्यात येतेय, तिच्या सामानात पाठवता येतील. पण घाई नको.

शंकासुर
सोमवार, दुपारी १२:४०

ते सूर्यफुलाचं दार बघितलं. ते ठेवा तसंच. आमच्या माळ्यावर वडिलांची एक चावीची मोटार आहे, तिला मी लहानपणी ऑइल पेंट मारला होता. लाल. खाली काय होतं ते आठवत नाही. खारट, तो अल्कोहोल ऑइल पेंटला चालतो का?

खारट
सोमवार, दुपारी १:३०

ऑइल पेंटला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि जे ऑइल पेंट काढेल ते खालचाही काढू शकेल. आधी फोटो टाका. तोवर हात लावू नका. कॉस्टिक घरात असेल तर ते शेजाऱ्याकडे ठेवायला द्या.

एडिसनकर
पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:३०

कोपरे पोचले. आईने ते लाडवांच्या डब्यात ठेवून आणले. विमानतळावर डबा उघडायला लावला, अधिकाऱ्याने एक कोपरा उचलून विचारलं हे काय, आई मराठीतच म्हणाली, "मालगाडीचे आहेत." सोडलं.

बसवले. आत्ता गॅरेजमध्ये खाचांच्या रुळावर चौदा फुटांची फेरी लावलीय. मोटर जुन्या पंख्याची, बॅटरीवर. गाडी चालते, पण वळणावर किरकिर करते, पुढच्या ॲक्सलमधून. गार्डाचा डबा, तेल कुठलं घालू?

गार्डाचा_डबा
रविवार, सकाळी ६:१०

शिलाई मशीनचं. एक थेंब. दोन नाही.